लग्न दहा महिन्यांवर, दोघं दोन देशांत: तयारी कशी वाटून घ्यावी?

दोन_घड्याळं
नमस्कार. लग्न जिथे होणार त्या शहरात मी राहते, तो दुसऱ्या देशात. सध्या घड्याळात साडेचार तासांचा फरक आहे. पाहुणे साधारण १५०. त्याला दोनच फेऱ्या जमतील: पाच महिन्यांनी पाच दिवस आणि लग्नाआधी दहा दिवस.

मी इथे असल्यामुळे सगळं माझ्याकडे येतंय. हॉल बघणं, फोन करणं, दोन्ही घरच्यांच्या प्रश्नांना उत्तरं देणं. त्याची मदत करायची खूप इच्छा आहे, पण "सांग, काय करू?" याच्या पुढे गाडी जात नाही. आणि त्याला न विचारता काही ठरलं की तो दुखावतो. रोजचा फोन लग्नाचाच फोन झालाय. ठरलेलं चॅटमध्ये गडप होतं. एकाच केटररला आम्ही दोघांनी वेगवेगळे आकडे सांगितले, हे परवा कळलं.

कामं कशी वाटायची? लांबच्या माणसाला हॉल आणि कापड दाखवायचं कसं? दोन चलनांचा हिशेब, कागदपत्रं आणि ते पाच दिवस कसे वापरायचे? नेमकं सांगाल तर बरं होईल.

यादी_आणि_पेन्सिल
आधी निर्णय आणि काम या दोन गोष्टी सोडवून घ्या. निर्णय दोघांचा, काम एकाचं. "केटररचं दोघं मिळून बघू" असं ठरलं की एकतर फोन दोन जातात, नाहीतर एकही जात नाही.

"सांग, काय करू?" हे अडतं त्याचं कारण असं, की आठवण ठेवायचं काम तुमच्याकडेच राहतं आणि डोकं सगळ्यात जास्त त्या आठवणीच्या कामालाच लागतं. म्हणून सुटी कामं देऊ नका, विषय द्या. विषय ज्याचा त्याच्याकडे तो मुळापासून: चौकशी, दर मागवणं, तारखा लक्षात ठेवणं, पाठपुरावा, शेवटची पावती जपून ठेवणं. त्या विषयाबद्दल दुसऱ्याला कोणी विचारलं तर उत्तर एकच, "ते तो बघतोय, त्याला विचारा." पहिले पंधरा दिवस हे जड जाईल, कारण लोक जवळच्यालाच विचारतात. तरी उत्तर देऊ नका. एकदा दिलंत की विषय परत तुमच्याकडे आला.

लांबून पूर्ण करता येतील असे विषय बरेच आहेत: पाहुण्यांची यादी आणि होकार-नकार, निमंत्रणाचा मजकूर आणि छपाईची तपासणी, बाहेरगावच्यांचा प्रवास आणि राहण्याची व्यवस्था, सगळे करार वाचणं, पैशांचा हिशेब, गाण्यांची यादी, बसण्याची मांडणी, लग्नाच्या दिवसाचं मिनिटवार वेळापत्रक. फोटोग्राफरचं निवडणंसुद्धा, कारण त्याचं काम पडद्यावरच बघायचं असतं. फक्त निवडक चाळीस फोटो बघून ठरवू नका, एका लग्नाचा अख्खा अल्बम मागा. जागेवरचे विषय तुमच्याकडे: हॉल, जेवणाची चव, कापडाचे नमुने, पार्सलं घेणं. मोजून बघा, वाटणी जवळजवळ निम्मी होते.

हॉलला हात लावण्याआधी तीन आकडे लेखी ठरवा: पाहुण्यांची कमाल संख्या, एकूण रक्कम आणि तारखेचे दोन पर्याय. क्रम हाच ठेवा. आधी हॉल धरला की संख्या हॉलप्रमाणे फुगते आणि रक्कम संख्येमागे जाते.

पाहुण्यांची शीट एकच आणि ऑनलाइन. एका ओळीत एक माणूस, कुटुंब नाही. "काकांकडचे ४" असं लिहिलं की चौघांतले तीन येणार हे नोंदवायला जागा उरत नाही. शेजारी कुटुंब क्रमांकाचा रकाना ठेवा, म्हणजे निमंत्रणं कुटुंबानुसार मोजता येतात. बाकी रकाने: कोणाकडून, फोन, पत्ता, येणार/नाही/कळवलेलं नाही, मुक्काम हवा का, जेवणाबद्दल सूचना, लहान मूल, जिना चढता येतो का. हा शेवटचा रकाना जवळजवळ सगळेच विसरतात आणि हॉल पहिल्या मजल्यावरचा निघतो.

केटररच्या आकड्याचं: शीटच्या वर ठळक एकच आकडा लिहा, "आजचा अधिकृत आकडा", शेजारी तारीख. बाहेर कोणाशीही बोलताना तोच आकडा. तो बदलायचा अधिकार यादी सांभाळणाऱ्याला, म्हणजे त्याला.

टेपमाप
हॉल दाखवण्याबद्दल. "१५० माणसं सहज मावतात" हे वाक्य बहुतेकदा नुसत्या खुर्च्यांच्या रांगांचं असतं. तशा मांडणीत माणशी ६ ते ८ चौरस फूट पुरतात. गोल टेबलांभोवती जेवायला बसवायचं तर माणशी १० ते १२ लागतात, म्हणजे १५० जणांना १८०० चौरस फूट नुसती टेबलं. ५ फुटी गोल टेबलावर ८ जण आरामात बसतात, ६ फुटीवर १०. स्टेज, वाढपाची जागा आणि मधल्या वाटा धरून २३०० ते २५०० चौरस फूट मोकळे हवेत. हॉलवाल्यांना "किती मावतात?" असं विचारूच नका. लांबी, रुंदी आणि मधले खांब विचारा.

आता व्हिडिओ. चालू कॉलवर हॉल फिरवून दाखवणं हा सगळ्यात वाईट मार्ग. नेटवर्क तुटतं, चित्र धूसर येतं, आणि समोरचा दाखवतो तेवढंच दिसतं. आधी रेकॉर्ड करा, फाइल पाठवा, त्याला सावकाश बघू द्या. मग त्याचे प्रश्न घेऊन दुसऱ्यांदा जा आणि तेव्हा कॉल करा.

रेकॉर्डिंग करताना फोन आडवा धरा आणि कॅमेऱ्याचा झूम १एक्सवर ठेवा. ०.५एक्सवर खोली आहे त्यापेक्षा बरीच मोठी वाटते. हॉलच्या जाहिरातीतले फोटो बहुधा असेच काढलेले असतात. सुरुवात गाडी उभी करायच्या जागेपासून करा, कारण पाहुणाही तिथूनच येणार. फाटक, पायऱ्या, दार, हॉल, मग चारही कोपऱ्यांत उभं राहून समोरचा कोपरा. दूरच्या भिंतीशी एक माणूस उभा करा, म्हणजे उंची-अंतराचा अंदाज येतो. एकदा तीस सेकंद सगळ्यांना गप्प करा आणि नुसता आवाज रेकॉर्ड होऊ द्या: एसीची घरघर, रस्ता, शेजारच्या हॉलचा स्पीकर. स्वच्छतागृह, कपडे बदलायची खोली, प्लग पॉइंट, जनरेटर हेही घ्या. जनरेटरवर एसी चालतो की फक्त दिवे, हे तोंडी विचारा आणि उत्तर रेकॉर्डिंगमध्येच येऊ द्या.

लग्नाचा मुहूर्त ज्या वेळेचा, त्याच वेळेला जा. संध्याकाळच्या लग्नासाठी सकाळी अकराला हॉल बघितला तर उजेडाबद्दल काहीच कळलेलं नसतं. टेपने मोजायच्या गोष्टी चार: लांबी, रुंदी, छताची उंची, दाराची रुंदी. सजावटवाल्याची कमान दारातून आत जात नाही, हे लग्नाच्या सकाळी कळून उपयोग नाही.

लांबच्या नातेवाइकांसाठी थेट प्रक्षेपण करणार असाल तर स्टेजजवळ उभं राहून अपलोडचा वेग मोजा, डाउनलोडचा नव्हे. चांगल्या चित्राला सलग १० एमबीपीएस अपलोड हाताशी हवा. रिकाम्या हॉलमध्ये मिळालेला मोबाइल डेटाचा वेग १५० फोन आत आल्यावर टिकत नाही. हॉलची वायर असलेली जोडणी मागा.

कापड आणि रंग: फोनच्या पडद्यावर रंग ठरवू नका. फोन पांढऱ्याचा समतोल स्वतःच बदलतो, म्हणून तेच कापड खिडकीपाशी निळसर आणि दिव्याखाली पिवळट दिसतं. वर दोघांचे पडदे वेगळे. एकाच थानातून चार बोटं रुंदीचे दोन तुकडे कापून घ्या, मागे क्रमांक लिहा, एक तुमच्याकडे, एक पोस्टाने त्याच्याकडे. मग फोनवर "क्रमांक ३, दिवसाच्या उजेडात" असं बोलता येतं. "तो मोरपंखीच्या जवळचा" यावरून होणारे वाद तिथेच थांबतात.

दोन_घड्याळं
यातलं बरंच माहीत नव्हतं. ०.५एक्सचं तर अजिबातच नाही, दोन हॉल मी तसेच रेकॉर्ड केलेत! कॉलचं काय करावं? रोज रात्री त्याचे नऊ म्हणजे माझे दीड वाजतात. आणि तो एका फोटोवर "छान आहे" म्हणतो, पण त्यावरून ठरलं की नाही तेच कळत नाही.

रविवार_सकाळ
लग्नाचा फोन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वेळी, ४५ मिनिटं. सुट्टीच्या दिवशी त्याची सकाळ आणि तुमची दुपार घ्या. रात्री दीड वाजता घेतलेला निर्णय सकाळी बदलतो. बाकीच्या दिवशी लग्नाचा विषय काढायचा नाही, असं दोघांनी ठरवा. सुचलं तर शीटमध्ये लिहा, फोनवर नको. लांब राहणाऱ्या जोडप्याकडे एकमेकांसाठी फोनशिवाय दुसरी जागा नसते. ती सजावटवाल्याला देऊन टाकू नका, हे मी अगदी मनापासून सांगतो.

आदल्या दिवशी विषय लिहून ठेवा, जास्तीत जास्त तीन निर्णय. प्रत्येक निर्णयापुढे ज्याचा विषय आहे त्याने तीन पर्याय द्यायचे, आपली पसंती सांगायची आणि कारण एका ओळीत. चाळीस फोटो पाठवणं म्हणजे निवडायचं काम दुसऱ्यावर ढकलणं. त्याला उत्तर "छान आहे" असंच येणार. निर्णय झाला की लगेच वेगळ्या पानावर एक ओळ: तारीख, काय ठरलं, किती रकमेपर्यंत, पुढचं पाऊल कोणाचं. त्या पानावर नाही ते ठरलेलं नाही.

छोट्या गोष्टींसाठी मर्यादा ठरवा. अमुक रकमेच्या आतलं असेल तर ज्याचा विषय त्याने परस्पर ठरवायचं. त्याच्या वरच्या गोष्टीवर ४८ तासांत उत्तर आलं नाही तर सुचवलेला पर्याय पक्का. न विचारल्याचं दुःख बहुधा वस्तूचं नसतं, नियम आधी माहीत नसल्याचं असतं. एखाद्या गोष्टीवर खरंच अडलं तर दोघांनी तिला १ ते १० गुण द्यायचे, एकमेकांचे न बघता. एकाचे ९ आणि दुसऱ्याचे ४ असतील तर ९ वाल्याचं ऐकायचं. दोघांचे ९ असतील तर त्या आठवड्यात तो विषय बंद, आणि वाद टाइप करायचा नाही.

घड्याळाबद्दल एक इशारा. दोघांपैकी एकाच्या देशात उन्हाळी वेळ पाळत असतील तर साडेचार तासांचा फरक वर्षभर साडेचार राहत नाही. युरोपीय संघात घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. दक्षिण गोलार्धात हे उलटं. केटररबरोबरच्या तिघांच्या कॉलची वेळ "तुझ्या वेळेत साडेचार तास मिळव" अशी मनात धरू नका. कॅलेंडरमध्ये लग्नाच्या शहराची वेळ निवडून नोंद करा, त्याच्याकडे ती आपोआप बरोबर दिसेल.

अशा तिघांच्या कॉलनंतर दहा मिनिटांत केटररला लेखी पाठवा: "आज बोलल्याप्रमाणे हे आणि हे ठरलं." दोघांचे पत्ते त्यात असू द्या. तोंडी बोलण्यातली निम्मी भांडणं इथेच मिटतात.

हिशेब_वही
पैसे आणि करार. करारावर दोघांची नावं घाला, निदान दोघांचे ईमेल. पुढच्या गोष्टी लिहिलेल्या नसतील तर सही करू नका: तारीख बदलली तर काय, रद्द केलं तर कोणत्या दिवसापर्यंत किती परत, ठरल्या वेळेपेक्षा जास्त थांबल्यास तासाचा दर, कर धरून की सोडून, आणि हमी आकडा. हमी आकडा म्हणजे तेवढे पाहुणे आले नाहीत तरी तेवढ्यांचे पैसे द्यायचे. १५० बोलावलेत म्हणून हमीत १५० लिहू नका. १२० ते १२५ ची हमी आणि १५० पर्यंतची तयारी, असं मागा. अंतिम आकडा बऱ्याच ठिकाणी एक-दोन आठवडे आधी द्यावा लागतो. त्यामुळे पाहुण्यांकडून होकार-नकार घ्यायची शेवटची तारीख लग्नाआधी चार आठवडे ठेवा. मधले दोन आठवडे "कळवलेलं नाही" वाल्यांना फोन करण्यात जातात.

शीट एकाच चलनात ठेवा, जिथे खर्च होणार त्या. दुसऱ्या चलनातून आलेल्या प्रत्येक रकमेपुढे त्या दिवशीचा दर लिहा. महिन्याअखेर आजच्या दराने सगळं फिरवून बघितलं की कोणी किती दिले यावर गोंधळ होतो. दरातल्या चढउतारासाठी आणि विसरलेल्या खर्चासाठी एकूण रकमेच्या १० टक्के बाजूला.

बाहेरून बँकेमार्फत पैसे पाठवताना शुल्क कोण भरणार हे निवडायचं असतं. ओयूआर म्हणजे सगळं पाठवणाऱ्याने, एसएचए म्हणजे वाटून, बीईएन म्हणजे घेणाऱ्याने. फॉर्ममध्ये बऱ्याचदा एसएचए आधीच निवडलेलं असतं. मग मधल्या बँका आपलं शुल्क कापतात, हॉलवाल्याला रक्कम थोडी कमी पोचते आणि तो "बाकी येणं आहे" म्हणून तारीख पक्की करत नाही. करारातला हप्ता पूर्ण पोचायला हवा असेल तर ओयूआर निवडा. पोचायला काही कामाचे दिवस लागतात आणि दोन्ही देशांच्या बँक सुट्ट्या आड येतात, म्हणून हप्त्याच्या तारखेआधी आठवडाभर पाठवा. पहिल्या वेळी छोटी रक्कम, पोचली की मोठी.

आणि हे नीट वाचा: "आमचं बँक खातं बदललंय, नव्या खात्यावर पाठवा" असा ईमेल आला तर त्या ईमेलला उत्तर देऊ नका. करारावरच्या जुन्या नंबरवर फोन करा आणि खाते क्रमांक तोंडी पडताळून घ्या. परदेशात गेलेली रक्कम परत मिळणं फार अवघड असतं.

सही_शिक्का
कागदपत्रांसाठी तीन महिने पुरतील असं धरू नका. आज बसून तुमच्या दोघांची नावं सगळ्या कागदांवर सारखी आहेत का ते बघा: जन्मदाखला, पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा. मधलं नाव एकावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, यावरच फाइल परत येते.

अविवाहित असल्याचं प्रमाणपत्र मागतात तिथे ते जुनं चालत नाही. बहुधा तीन किंवा सहा महिन्यांच्या आतलं लागतं, म्हणून ते फार लवकर काढू नका. ज्या कार्यालयात लग्न नोंदवणार त्यांनाच मुदत लेखी विचारा. एका देशाचा सरकारी कागद दुसऱ्या देशात चालण्यासाठी, दोन्ही देश १९६१ च्या हेग करारात असतील तर बहुधा अपोस्टिल (कागदावरची सही-शिक्का खरा असल्याचं सरकारी प्रमाणपत्र) पुरतं, नाहीतर वकिलातीचं साक्षांकन लागतं. अपोस्टिल त्या कागदाच्या मूळ देशातच मिळतं. म्हणजे त्याचे काही कागद तो आहे तिथून निघतील आणि काही त्याच्या मायदेशातून. भाषांतर लागणार असेल तर अपोस्टिलसकट करायचं की आधी, हेही विचारून घ्या. क्रम चुकला तर दोनदा भाषांतराचे पैसे जातात.

लग्नाआधी नोंदणी कार्यालयात नोटीस देऊन ठरावीक दिवस थांबावं लागतं तिथे नोटीस देताना दोघांना हजर राहावं लागतं का, हे त्या पाच दिवसांच्या फेरीआधी कळायला हवं. सही दोघांची लागणार असेल तर ती फेरी त्यासाठीच राखून ठेवा. लग्नानंतर एकाने दुसऱ्याकडे राहायला जायचं असेल तर व्हिसाचा प्रकार लग्नाच्या तारखेआधी तपासा. उदाहरणार्थ, अमेरिकेचा के-१ व्हिसा लग्नाआधी तिथे जाण्यासाठी असतो आणि पोचल्यावर ९० दिवसांत तिथे लग्न करावं लागतं. आधीच लग्न झालेलं असेल तर तो लागू होत नाही, वेगळा अर्ज करावा लागतो. तिकिटं पासपोर्टवरच्या नावानेच काढा, नवं आडनाव ठरलं असलं तरी. लग्नाच्या दाखल्याच्या प्रमाणित प्रती एकदम चार घ्या. नंतर दुसऱ्या देशातून एक प्रत मागवायला महिना जातो.

कात्री_सुई
पाच दिवस: शरीराने हजर असल्याशिवाय होत नाही तेवढंच त्यात घाला. मापं, चव, दोघांची सही, ठरवलेला हॉल एकदा डोळ्यांनी. पाचात दोनपेक्षा जास्त सुट्टीचे दिवस येऊ देऊ नका, कार्यालयं बंद असतात. आल्या दिवशी काहीच ठेवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी शिंप्याकडे, कारण शिवायला सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागतो. एक अख्खी दुपार आणि संध्याकाळ तुमच्या दोघांची, यादीशिवाय.

त्याआधी मापं लांबून घ्यायची असतील तर स्वतःची स्वतः घेऊ नयेत. हात वर गेला की छातीचं माप बदलतं. दुसऱ्याने, कापडी टेपने, सेंटीमीटरमध्ये, दोन वेगवेगळ्या दिवशी. फरक एकाहून जास्त आला तर तिसऱ्यांदा. छाती, कंबर, नितंब, खांद्याच्या हाडापासून हाडापर्यंत, बाही हात किंचित वाकवून, मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंत पाठ. खालची लांबी लग्नात घालायचे तेच बूट घालून. टेप लावलेला प्रत्येक फोटो शिंप्याला पाठवा, टेप तिरका असला तर त्याला लगेच दिसतो. शिवणीत आत दोन्ही बाजूंना अडीच-तीन सेंटीमीटर कापड सोडायला सांगा. सैल कपडा आवळता येतो, पण आत कापडच नसेल तर घट्ट कपड्याचं काही होत नाही.

अंगठी घालणार असाल तर "साइज १२" असं बोलू नका, देशागणिक क्रमांक वेगळे. आतला घेर मिलिमीटरमध्ये सांगा. ५४ मिमी घेर म्हणजे १७.२ मिमी व्यास. व्यास मोजताना एक मिलिमीटरची चूक झाली तर घेरात तीनची होते. संध्याकाळी, हात गरम असताना, तीनदा मोजा, आणि बोटाचं पेर जाड असेल तर पेरावरही.

शेवटच्या दहा दिवसांत पहिल्याच दिवशी कपडे अंगावर घालून बघा, म्हणजे दुरुस्तीला निदान चार दिवस मिळतात. आणि तो विमानात बसेल तेव्हा कपडे, अंगठ्या आणि मूळ कागदपत्रं हातातल्या बॅगेत. सामानात टाकलेली बॅग उशिरा आली तर बाकी सगळं विकत मिळतं, या तीन गोष्टी मिळत नाहीत.

दोन_घड्याळं
हा धागा त्याला पाठवलाय. पाहुण्यांची यादी, करार आणि हिशेब आजपासून त्याच्याकडे. अधिकृत आकडा १४६, त्यानेच लिहिलाय. रविवारी दुपारी पहिला फोन, विषय एकच: हॉल. उद्या टेप घेऊन दोन्हीकडे परत जाते.